विलासभाऊ फ्रेमवर्क पाहायला बसतात

लोक मुलगी पाहायला जातात तसे आमचे विलासभाऊ फ्रेमवर्क पाहायला बसतात. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला बारीक अष्टगंध. खुर्ची पुढे ओढतात, चष्मा पुसतात आणि कॉम्प्युटरलाच विचारतात, "घरी कोण कोण हाये?"

घरी म्हणजे ती फ्रेमवर्क बनवणारी माणसं. किती जण आहेत, अजून तिच्याकडे लक्ष देतात की वाऱ्यावर सोडलं, शेवटची डागडुजी कधी केली. पुढचा प्रश्न, "जुन्या मोबाइलवर कशी वागते?" मग तासभर खाली-वर पाहून, चहा पिऊन, कप बशीत ठेवून निकाल देतात, "चांगली हाये. पाहून घेऊ."

पाहून घेऊ म्हणजे नाही. हे कळायला मला बरेच दिवस लागले, कारण भाऊंच्या तोंडून मी सरळ 'नाही' असा नकार कधी ऐकलाच नव्हता.

ज्यांना आमचा धंदा माहीत नाही त्यांना सांगते. अमरावतीत बडनेरा रोडवर आमचं वेबसाइट बनवायचं ऑफिस आहे. खाली चष्म्याचं दुकान, वर आम्ही दोघं. गिऱ्हाइकं मी सांभाळते, डिझाइन भाऊ पाहतात. वेबसाइटनं दिसावं कसं, हे ज्या भाषेत लिहितात तिला सीएसएस म्हणतात. ती सगळी हातानं लिहीत बसू नये म्हणून बटणं, रकाने, मोकळ्या जागा असं तयार सामान मिळतं. तेच फ्रेमवर्क. बरंचसं फुकट असतं. उतरवून घ्यायचं आणि कामाला लागायचं. दुनिया चहा थंड व्हायच्या आत निवडते.

भाऊंनी बूटस्ट्रॅप पाहिली. "सगळ्या सायटी बहिणी-बहिणी दिसतात बाप्पा. कोणती कोणाची, काई समजत नाही." टेलविंड पाहिली. "एका बटणाले एवढे शब्द? हे त उखाणाच घेऊन राह्यली." बुल्मा पाहिली. तिच्यात आपोआप उघडणारं-मिटणारं काही नसतं, म्हणून म्हणाले, "गुणी हाये, पन बोलत नाही."

गंमत अशी की गिऱ्हाइकाचं काम आलं की हाच माणूस मुकाट्यानं सगळं हातानं लिहितो आणि वेळेच्या आत देतो. फ्रेमवर्क पाहायची ती फक्त एका कामासाठी, आणि ते काम म्हणजे मोबाइलवर पाठवायचं लग्नाचं कार्ड.

कार्डाचा धसका त्यांनी एका जुन्या प्रकरणात घेतला होता. आमच्या वऱ्हाडात पत्रिका म्हणजे नावांचा बाजार. आजोबा, काका, मामा, आतेभाऊ आणि शेवटी चिल्लीपिल्ली. मान सांभाळायला भाऊंनी दोन रकाने केले. डावीकडे सगळ्यात वर मोठे काका, उजवीकडे सगळ्यात वर मोठे मामा, दोघं बरोबरीनं. कॉम्प्युटरवर झ्याक दिसत होतं. पण मोबाइलवर जागा कमी पडली की फ्रेमवर्क दुसरा रकाना उचलून पहिल्याच्या खाली ठेवते. मामा गेले डावीकडच्या सगळ्या लेकरांच्या खाली. लग्नाच्या दिवशी तिवस्याहून मामा आले, पण जीपमधून उतरेनात. "माहं नाव पोट्ट्यासोट्ट्याच्या खाली?" नवरदेवाच्या बापानं हात जोडले, काही उपयोग नाही. शेवटी भाऊ जीपपाशी गेले आणि त्यांनी मोबाइल आडवा करून दाखवला. आडव्या मोबाइलवर मामा पुन्हा वर आले, तेव्हा कुठे खाली उतरले.

आता ज्या कार्डासाठी ही सगळी पाहणी चालते, ते त्यांच्या प्राजक्ताचं आहे. एकुलती एक पोरगी. अकोल्याला नोकरीला लागली आणि तिथल्या सागरला एकदा घरी घेऊन आली. भाऊंनी त्याला चहा दिला, विचारलं, "घरी कोण कोण हाये?" आणि पोरगा गेल्यावर म्हणाले, "चांगला हाये. पाहून घेऊ."

पोळा गेला, दिवाळी गेली, दुसरा पोळा आला. भाऊ पाहत होते. मग एक दिवस अकोल्याहून फोन आला. दोघांनी कोर्टात लग्न केलं होतं. भाऊ एवढंच म्हणाले, "मले सांगतलं काहून नाही?" पोरगी रडत म्हणाली, "बाबा, तुमी नाही म्हणलं असतं त मी भांडली असती. तुमी त नाहीबी म्हणत नाही."

त्यानंतर बापलेकीचं बोलणं बंद. भांडण नाही, रुसवा नाही, नुसतं बंद. वहिनी रोज संध्याकाळी स्पीकर लावून पोरीशी बोलतात, आणि भाऊ तेव्हाच स्वयंपाकघरात येऊन धुतलेला कप पुन्हा धुतात. हे वहिनींनीच मला सांगितलं. त्यांनीच धोसरा लावला की निदान रिसेप्शन तरी द्या. भाऊ म्हणाले, "देऊ न. आधी कार्ड बनवतो. असंतसं नाही, एक नंबर बनवतो."

अट एकच. अगदी छोट्या मोबाइलवरही दोन्ही नावं शेजारी-शेजारी राहिली पाहिजेत. "ना पोट्टीचं नाव खाली गेलं पाह्यजे, ना जावयाचं." कार्डाखाली एक बटणही केलं होतं, 'आम्ही येतो'. मी हसले. आमच्याकडे येतो म्हणून कोण कळवतं? लोक जीप भरून येतातच. पण त्या बटणाच्या रंगावर भाऊंनी अख्खा उन्हाळा काढला.

अकोल्याचं गिऱ्हाईक असलं की भाऊ स्वतःच जातात. परत आले की मी विचारते, "पोरीकडे गेले होते का?"

"घरापर्यंत गेलतो. खालून पायलं. पडदे लावलेत, हिरवे."

"मग वर काहून नाही गेले?"

"हातात कार्ड कुठी होतं?"

मला असा राग यायचा ना. एवढा मोठा माणूस, पोरीच्या दारापर्यंत जातो आणि पडद्यांचा रंग पाहून परत येतो. आणि घरी आल्यावर वहिनींना तेवढंही सांगत नाही.

यंदा दिवाळीनंतर एका दुपारी भाऊ पुन्हा अष्टगंध लावून नवी फ्रेमवर्क पाहायला बसले आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, "भाऊ, उठा." त्यांच्या खुर्चीत बसले, त्यांनी बूटस्ट्रॅपमध्ये करून सोडून दिलेलं प्राजक्ताचं कार्ड उघडलं. रकाने खाली पडू द्यायचे नसले तर एक बारकासा शब्द काढायचा असतो, बस. कोणत्याही फ्रेमवर्कमध्ये याची सोय असते. एवढं तर मलासुद्धा येतं. शब्द काढला आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला. प्राजक्ता, सागर. शेजारी-शेजारी.

भाऊ पाहतच राहिले. मग हळूच म्हणाले, "मले मालूम हाये, ताई."

"काय मालूम हाये?"

"हे असं होते म्हणून. पयल्यापासून मालूम हाये."

"मग इतके दिवस हे काय लावलं होतं?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही. "कार्ड झालं का पाठवा लागते. पाठवलं आन् पोट्टी नाही आली, मंग? पाठवलं नाही तंवर ती येईन असं वाटते न."

लई वाईट वाटलं. उठले आणि उगाच चहा ठेवला.

चहा घेऊन आले तर भाऊ आपल्या खुर्चीत बसले होते. "बूटस्ट्रॅपच राहू द्या," म्हणाले. "दिसू द्या बहिणी-बहिणी." तारखेची जागा इतके दिवस रिकामी होती. तिथं त्यांनी लिहिलं, 'तू म्हणशीन तवा.' आमच्याकडे पहिली पत्रिका अंबादेवीपुढे ठेवतात, मी आठवण दिली. भाऊ म्हणाले, "देवी समजून घेईन. पयलं पोट्टीले." आणि पाठवून दिलं.

कार्ड आत्ता कोणी उघडलं आहे हे आम्हाला दिसतं. उघडलं की पडद्यावर गावाच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो, बंद केलं की जातो. भाऊ त्या पडद्यापुढे बसून होते. चहा तसाच. बराच वेळ काही नाही. खालच्या दुकानात कोणीतरी अक्षरांचा तक्ता मोठ्यानं वाचत होतं, तेवढंच ऐकू येत होतं. मग ठिपका लागला. अकोला, मोबाइल.

"उघडलं, भाऊ."

भाऊंनी नुसती मान हलवली. ठिपका जाईना. एवढंसं कार्ड, वाचायला असा किती वेळ लागतो? पण ठिपका होता तिथंच होता, आणि बटण काही दाबलं जाईना. शेवटी मीच बोलले.

"एवढा वेळ काय पाहून राह्यली ती? बटण काहून दाबत नाही?"

भाऊंनी पडद्यावरून नजर काढली नाही.

"घाई नोका करू, ताई. माहीच पोट्टी हाये. आधी पाहून घेईन ती."

ठिपका तसाच होता. भाऊंनी चष्मा घातला आणि खुर्ची आणखी थोडी पुढे ओढली.