वळणावरचं तेल

लग्नाच्या पंगतीत भरलेलं ताट दोन्ही हातांनी उचलून डावीकडे कलतं करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे घरमालक, शामराव सॉलिसिटर. भाताचं आळं करून आमटी अडवणं आपण सगळेच करतो. शामरावांनी त्या आळ्याला चार फटी ठेवून प्रत्येक फटीत पापडाचा तुकडा दारासारखा उभा केला होता. ताट कललं, आमटी पापडासकट निघाली आणि शेजारी बसलेल्या वरबापाच्या रेशमी उपरण्यावर विसावली. सगळी पंगत हातातला घास हातात धरून बघत राहिली. शामराव म्हणाले, "पापड मऊ पडला. पत्र्याचंच दार हवं."

गिरगावातल्या आमच्या वाडीत ते दुसऱ्या मजल्यावर राहत, मी पहिल्यावर. त्यांच्या आजोबांनी ती वाडी बांधली तेव्हापासून घराण्यात वकिली चालत आलेली. माणूस सभ्य, पांढरा डगला, काळी टोपी, बोलणं मोजकं. फक्त समोर पातळ पदार्थ आला की ते आपल्या जगात उरत नसत. चहाची बशी हातात घेऊन ते संथपणे फिरवत आणि विचारीत, "सबनीस, वळणावर तेल कुठे जातं?" मी बँकेतला कारकून. मला चहा कुठे जातो तेवढंच ठाऊक.

हे खूळ बहिणीपायी लागलेलं. मालूताई चाळिशीची, ऐन विशीत विधवा होऊन माहेरी आलेली. आईवडील मागेच गेले, शामरावांनी लग्न केलं नाही, एवढ्या मोठ्या घरात दोघंच. माहेरी आल्यावर वर्षभर ती खिडकीशी बसून राहिली, कोणाशी अवाक्षर बोलली नाही. मग शामरावांनी एक जुनी इंग्रजी मोटार घेतली आणि तिला चालवायला शिकवली. गाडी पहिल्यांदा जोरात सुटली तेव्हा ती हसली म्हणे. पुढे जुहूच्या विमानतळावर मोटारींच्या शर्यती होऊ लागल्या, तेव्हा पदर कमरेला खोचून मालूताई त्यांत उतरली. वाडीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली आणि पुढच्या खेपेला आपापल्या नवऱ्यांना घेऊन बघायला गेल्या.

आदल्या वर्षीच्या शर्यतीत एका लांबलचक वळणावर तिचं इंजिन जाम झालं. चाकं जागच्या जागी अडली, गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि कडेच्या पिंपांवर जाऊन आदळली. मालूताई हात गळ्यात बांधून हसत घरी आली. शामराव त्या वळणाशीच उभे राहून बघत होते. ते त्यानंतर हसलेले मी पाहिले नाहीत.

इंजिन जाम का झालं, ते त्यांनीच मला समजावून सांगितलं. इंजिनाच्या पोटाखाली परातीसारखं भांडं असतं, त्यात तेल. मधोमध पंपाचं तोंड, तिथून तेल वर ओढलं जातं. गाडी वेगात वळली की तेल एका अंगाला चढतं, मधली जागा कोरडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. तेवढ्या क्षणात आतली बेअरिंगं जळतात. उपाय असा, की त्या भांड्यात पत्र्याच्या भिंती घालायच्या आणि भिंतींना बिजागरीची छोटी दारं बसवायची. दार फक्त मधल्या बाजूला उघडायचं. तेलाला आत यायला मोकळीक, बाहेर जायला मनाई.

"त्यापेक्षा मालूताईंना शर्यत बंद करायला सांगा की," मी म्हणालो.

"सांगितलं तर बंद करेल ती. ऐकते माझं." शामराव बशीकडे बघत म्हणाले. "आणि परत खिडकीशी जाऊन बसेल. मग?"

मी चहा प्यालो.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. रोज सभा, मोर्चे, मधूनच हरताळ. हरताळाच्या दिवशी रस्ते मोकळे असतात हे शामरावांच्या ध्यानात आलं आणि मला बोलावणं आलं. दुरुस्त झालेल्या मोटारीत त्यांनी अशी दारं बसवली होती; शेजारी बसून तेलाच्या दाबाचा काटा बघायचा, एवढंच काम. घरमालकाला नाही म्हणायची सोय नसते. कोपऱ्यावर झेंडा घेतलेल्या तरुणांनी आम्हाला अडवलं.

"ओ काका, आज मोटार कसली काढता? मुंबई मिळाली पाहिजे ना आपल्याला?"

"मिळायलाच पाहिजे," शामराव गंभीरपणे म्हणाले. "मिळेलही. पण वळणावर तेलाचं काय?" आणि खाली उतरून त्यांनी भिंती, दारं, बिजागऱ्या सगळं समजावायला घेतलं.

"सोडा रे त्यांना," त्यांच्यातला थोराड मुलगा हळूच म्हणाला. "घरचं काहीतरी दुःख असेल."

आम्ही वरळीच्या समुद्राकाठी गेलो. भर दुपारी एवढी निर्मनुष्य मुंबई मी कधी पाहिली नव्हती. दुकानांच्या फळ्या लागलेल्या, गॅलऱ्या रिकाम्या, पलीकडे कोळीवाड्यात बांबूंच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील आणि चिटपाखरू नाही. आमच्याच इंजिनाचा आवाज भिंतींवरून परत येत होता आणि मागून दुसरी गाडी येतेय असं वाटून मी सारखा वळून बघत होतो. शामरावांनी वेगात वळण घेतलं. मी काट्यावर डोळे रोवून बसलो होतो.

"गेलं," ते म्हणाले.

काटा जागच्या जागी होता. मी तसं सांगायला तोंड उघडलं आणि काटा धाडकन खाली आला.

पुन्हा वळण, पुन्हा "गेलं", आणि मग काटा पडला. तिसऱ्यांदाही तेच. त्यांची नजर रस्त्यावरून हललीही नव्हती.

"तुम्हाला आधी कसं कळतं हो?"

"मला कुठे कळतं?" ते म्हणाले. "तळपाय गार पडतात."

त्यांनी पत्र्याची दारं पुन्हा बसवली, आणखी हलकी केली. पुढच्या हरताळाला काटा थोडासा थरथरला, पडला नाही. मी टाळ्या वाजवल्या. शामराव म्हणाले, "विमानतळावरचं वळण याहून लांब आहे."

शर्यतीच्या रविवारी वाडीतली निम्मी माणसं जुहूला गेली. शामराव गेले नाहीत. "कोर्टाचं काम आहे," असं त्यांनी मालूताईला सांगितलं. रविवारी कसलं कोर्ट, हे तिने विचारलं नाही. दुपारी मी सहज वर डोकावलो. दिवाणखान्यात, झोपाळ्याजवळ जमिनीवर मांडी घालून ते बसले होते. पुढ्यात पितळेची परात, तिच्यात इंजिनाचं काळसर तेल. भिंती नाहीत, दारं नाहीत.

"दारं कुठायत?"

"तिच्याजवळ आहेत. इथे काय कामाची? बसा."

मी झोपाळ्यावर न बसता भिंतीला टेकून खाली बसलो. शामराव पुटपुटत होते, "सरळ. सरळच आहे. आता वळण." आणि त्यांनी परातीची डावी कड सावकाश उचलली. चांगली वीतभर उचलली. तेल उतरलं नाही. कलत्या परातीत ते मधोमध तसंच गोल, स्वस्थ बसून राहिलं. मला वाटलं आपण चुकीचं बघतोय, म्हणून मी नजर काढली, तर समोर रिकामा झोपाळा एका अंगाला गेलेला. परत येईना. कड्या करकरत नव्हत्या, वारा नव्हता, तो तिथेच तिरपा थांबून होता. माझा खांदा भिंतीत रुतत चालला होता, वळणावर मोटारीच्या दाराशी दाबला जातो तसा. मी रामरक्षा सुरू केली आणि दुसऱ्या ओळीला अडकलो.

परात खाली आली. झोपाळा जागेवर आला. "सरळ," शामराव म्हणाले.

असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. उठून जावंसं फार वाटत होतं, तरी उठलो नाही. मग एकदा परात कललेली असताना त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"गेलं."

तेल एकदम कडेला धावलं. परातीचा मधला तळ उघडा पडला, पितळ चकाकलं. शामरावांनी परात टाकली आणि डगल्याच्या बाह्यांसकट दोन्ही हात तेलात घातले. कोपरापासून बोटांपर्यंत हातांची भिंत करून ते तेल मध्ये ओढू लागले. "ये. आत ये. ये ग मालू, आत ये." अशिलांना कायदा सांगणारा तो आवाज लहान मुलाला न्हाऊ घालणाऱ्या बाईसारखा झाला होता. तेल हळूहळू मधे आलं. झोपाळा सरळ झाला. मला रडू येत होतं, कशाचं ते कळत नव्हतं.

त्यानंतर ते हलले नाहीत. मीही बसून राहिलो. उन्हं गॅलरीतून उतरली तेव्हा जिन्यावर पावलं वाजली आणि मालूताई दारात आली. केस विस्कटलेले, तोंडावर धूळ, हातीपायी धड. तिने मला पाहिलं, मग भावाकडे पाहिलं.

"त्या लांब वळणावर काटा साफ खाली गेला होता, भाई," ती दारातूनच म्हणाली. "म्हटलं, संपलं आता. आणि आपला आपण वर आला."

शामरावांनी मान वर केली नाही. त्यांचे हात अजून तेलात होते, मधल्या तेलाला घट्ट वेढा घालून.

मालूताई त्यांच्यासमोर खाली बसली. "सोड आता," ती म्हणाली. "मी आले."

त्यांनी हात सोडले नाहीत. सुटतच नव्हते बहुधा. तिने दोनदा सांगून पाहिलं, बोटं उकलून पाहिली. मग तिने स्वतःचे दोन्ही हात त्या काळ्या तेलात घातले, त्यांच्या हातांवर ठेवले, आणि तशीच बसून राहिली.