खंडूआबांचं वरचं खाचर

घरात खुर्चीवर बसून पगार मिळतो, हे वडिवळ्याच्या भिमाजींना कधी पटलं नाही. "दिवसभर त्या डब्याकडं बघून करतोस तरी काय?" हा प्रश्न ते लेकाला रोज विचारत आणि निलेश रोज वैतागे.

त्याची कंपनी डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी विखुरलेल्या फायली सलग जोडणारा प्रोग्राम बनवत असे. त्यात कुणी सुधारणा केली, की आधी नीट चालणारं काही बिघडलं तर नाही ना, हे निलेशने तपासायचं. दर वेळी पहिल्यापासून. या खेपेला त्याच्या वरिष्ठ सारिका मॅडमनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत चाचणी झाली नाही तर घरून काम बंद, सोमवारपासून रोज हिंजवडीचं ऑफिस. वडिवळ्याहून कामशेतमार्गे हिंजवडीला रोज जाऊन आलेल्या माणसाला ही धमकी समजावून सांगावी लागत नाही.

अशा घाईत वडिलांनी पुन्हा तेच विचारलं आणि निलेशने उदाहरण द्यायची चूक केली.

"आपली जमीन कशी पाच ठिकाणी हाय? ती एका जागी आणली तर बरं न्हाई का? तेच करतोय मी. हे बघा, नावंपण भावकीचीच टाकल्यात."

मराठी नावांच्या फायलीही तपासायच्या होत्या. त्यामुळे पडद्यावर 'भिमाजी ओढ्याकडचं', 'नंदाबाई आंब्याखालचं', 'खंडूआबा वरचं खाचर' असे रंगीत चौकोन इकडून तिकडे सरकत होते. भिमाजी थक्क झाले. त्यांना पहिल्यांदाच पोराचा अभिमान वाटला आणि तो मिरवायला ते तडक दूध डेअरीवर गेले. तिथेच घात झाला.

थोड्याच वेळात खंडूआबा दारात उभे. हे भिमाजींचे थोरले चुलतभाऊ. बांधाच्या एका दगडावरून वर्षभर अबोला धरून होते. आज तो सुटला.

"भिमा, तुझ्या पोरानं माझ्या जमिनीला हात लावलाय म्हनं!"

"आबा, हा नुसता कॉम्प्युटर हाय," निलेश म्हणाला.

आबांनी चष्मा पुसून पडद्यावर बोट टेकवलं. "मग माझं वरचं खाचर खाली का सरकतंय? धरणाचं पानी पयलं मला येतं, म्हणून डोळ्यात सलतंय व्हय?"

"जागा बदलली तरी आतलं काही बदलत न्हाई, आबा!"

"खाचराची जागा बदलल्यावर आत काय ऱ्हातंय? दगड?"

निलेशच्या आईने, नंदाबाईंनी, चहा पुढे केला. "भावजी, बसा की. च्या घ्या."

"च्या ऱ्हाऊ दे. आधी हे थांबीव!"

"मधेच थांबवता येत न्हाई. थोडंच ऱ्हायलंय."

"म्हंजे माझं जवळजवळ गेलंच की!" असं म्हणून आबांनी भिंतीतली पिन उपटली.

पडदा काळा झाला. निलेशने कपाळाला हात लावला. मशीन पुन्हा सुरू करून पाहिलं, तर भिमाजींचं जागेवर, नंदाबाईंचं जागेवर, सगळ्या भावकीचं जागेवर. नव्हतं ते एकच.

"माझं कुटं हाय?" आबांनी विचारलं.

"गेलं."

"गेलं म्हंजे?"

"तुमी पिन काढली तवा तुमचंच उचललं होतं. खाली ठेवायच्या आत वीज गेली."

आबांनी तिथंच मांडी ठोकली. "माझं मिळाल्याबिगर हितनं हलायचो न्हाई," असं जाहीर करून त्यांनी चहाचा कप ओढला.

आता हिंजवडी चुकत नाही, हे कळून निलेशने रडवेल्या आवाजात मॅडमना फोन लावला. "मॅडम, चाचणी बुडाली. आमच्या आबांनी पिन काढली आणि एक फाइल गेली."

"गेली? जुनी जागाही रिकामी?"

"हो, मॅडम."

"अरे, जुन्या प्रोग्राममध्ये असं होत नव्हतं! म्हणजे नव्या सुधारणेनंच बिघडवलंय. बरं झालं आत्ताच सापडलं. निलेश, यापुढं प्रत्येक वेळी ऐन मध्यावर पिन काढून बघायचं. आणि तू घरीच थांब. इकडं इतक्या नेमक्या वेळी पिन काढणारं कुणी नाही."

फोन ठेवून निलेश आबांकडे वळला. नाइलाजाने म्हणाला, "आबा, दर आठवड्याला येऊन पिन काढाल का?"

भिमाजींना ठसका लागला. आबांनी मात्र चहा शांतपणे संपवला.

"येईन की. पर पयलं माझं खाचर शोधून जागेवर ठेव. आन् फुडच्या बारीला भिमाचं उचललंस, की मला हाक मार."