तपासणी चालू आहे

कोर्टात कागद कसे मागवायचे ते मला कुणी शिकवायला नको, असं मी माझ्या वकील मृणालीला पहिल्याच भेटीत सांगितलं. माझी सारी नोकरी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत झाली. नमुना अर्धवट घेतला की निष्कर्ष चुकतो, एवढं मला कळतं.

दावा माझ्या धाकट्या दिरांवर, भिकाजींवर. सामाईक विहिरीकडे जाणारी माझी वाट त्यांच्या घरामागच्या परड्यातून जाते. माझ्या कोंबड्या त्यांच्या मिरच्या उकरतात म्हणून त्यांनी वाटेवर चिऱ्यांचा गडगा, कमरेएवढी भिंतच, घातला. आता कळशीभर पाण्यासाठी मला डांबरी रस्त्याने वळसा.

मी अर्जात त्यांचे सगळे कागद मागितले. खताच्या पावत्यांपासून वीजबिलापर्यंत.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "वीजबिलातून वाट जाते का?"

"नाही."

"मग वादाशी संबंध असेल तेवढंच मागा. दुसऱ्याचं घर उलटंपालटं करायला कोर्ट नसतं. नेमका कुठला कागद?"

"सासऱ्यांनी लिहिलेला वाटणीचा. भिकाजींच्या माळ्यावर, ट्रंकेत आहे."

"ट्रंक कुणाची?"

"माझी. आमचं छप्पर गळतं म्हणून तिथे ठेवलीय."

"किल्ली?"

मी पर्समधून काढून दाखवली. मृणाली फाइलची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली.

"मग जाऊन बघत का नाही?"

"आमचं बोलणं बंद आहे."

त्यांच्या घरी जाऊन तेवढाच कागद तपासायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. परतताना हातखंब्यापर्यंत मी आणि भिकाजी एकाच वडापच्या जीपमध्ये शेजारी बसून आलो. पैसे आपापले दिले.

शनिवारी मी गडग्याशी जाऊन उभी राहिले. पलीकडे जाऊबाई तुळसा नवऱ्याला म्हणाली, "वो, वयनी कोर्टाच्या कामाला आल्यायत. गडग्यावरनं उडी मारायची काय त्यांनी?"

"रस्त्याने येऊ देत."

"आणि कोर्टात सांगितलं, अडवलं म्हणून?"

भिकाजींनी गडग्याचे चिरे काढले. "तपासणी होईपर्यंतच हां."

कागद ट्रंकेत वरच होता. मी तो उभ्याने वाचला, मग बसून वाचला. घर, कलमं, भातखाचरं, सगळं नीट वाटलेलं. शेवटची ओळ: वाटेचं दोघांनी आपसात बघावं.

भिकाजींनीही वाचला. तुळसाने चहा आणला. "म्हणजे जिंकलं कोण?"

"पुन्हा नीट वाचायला हवा," मी म्हणाले.

"वाचा सावकाश," भिकाजी म्हणाले. "घाई कोणाला आहे?"

पुढच्या तारखेला न्यायाधीशबाईंनी विचारलं, "झाली तपासणी?"

मी तोंड उघडायच्या आत भिकाजी उठले. "चालू आहे, मॅडम. वयनींचं काम फार बारीक."

"एका कागदाचं?"

भिकाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान डोलावली.

तेव्हापासून मी रोज सकाळी तपासणीला जाते. जाताना कळशी घेते. आणि निघण्याआधी कोंबड्या डालग्याखाली झाकून ठेवते.