एकशे बारा डिगरी

"यंदाचा उन्हाळा माझ्या हातातनं सुटत न्हाय," असं बाळाजीने देवळाच्या पायरीवर बसून सगळ्या वाडीला सांगून टाकलं, आणि बाळाजी एकदा बोलला की बोलला. एकतीस सालची गोष्ट. श्रीवर्धनहून हरिहरेश्वराकडे जाताना सुपारीच्या बागांमागे त्याची वाडी होती. उभी हयात मुंबईच्या गिरणीत मागावर काढून तो नुकताच घरी परतला होता. निरोप देताना साहेबाने त्याला खात्याच्या भिंतीवरची, गरमी मोजायची पाऱ्याची नळी बक्षीस दिली होती. दुसऱ्या कुणी ती ट्रंकेत टाकून दिली असती. बाळाजीने ती पडवीतल्या कुडावर टांगली आणि वाडीच्या घामाचा सगळा कारभार आपल्याकडे घेतला.

त्याआधी वाडीत ऊन म्हणजे ऊन होतं. आता त्याला आकडा आला. बागा शिंपणारे गडी जाता-येता पडवीशी थांबून आज किती डिगरी म्हणून विचारू लागले, आणि आकडा ऐकला की त्यांना आधीपेक्षा जास्त उकडू लागलं. आगबोटीने मुंबईचं वर्तमानपत्र आलं की बाळाजी त्यातला मुंबईचा आकडा हुडकून काढी. मुंबई नेहमी डिगरी-दोन डिगरी पुढेच. हे त्याला फार लागे. ज्या शहराने आपला इतका घाम काढला, त्याने उन्हातसुद्धा आपल्या वाडीच्या वर बसावं? पाऊस पडायच्या आत मुंबईला मागे टाकायचंच, असा त्याने चंग बांधला. यात आपण स्वतः नेमकं काय करणार, हा प्रश्न मात्र त्याला पडला नाही.

आणि आकडा आला तो नेमका लेकीच्या लग्नाच्या दिवशी!

केसर ही बाळाजीची एकुलती एक लेक. नवरदेव हरिहरेश्वराकडचा. मुहूर्त गोरज, म्हणजे गुरं घरी परतायच्या वेळचा. सकाळपासून दारात मांडव, पाहुणे, पोराबाळांचा कालवा, आणि दर थोड्या वेळाने सगळं टाकून पारा बघायला पळणारा मुलीचा बाप. दुपारी त्याने बघितलं तर पारा एकशे बारावर. त्याने धोतराच्या सोग्याने काच पुसली. पुन्हा बघितलं. एकशे बाराच. बाळाजी तसाच मांडवात गेला, बायकांची गाणी थांबवली आणि एवढं ऊन या किनाऱ्यावर कुणाच्या आज्यानेही पाहिलेलं नाही असं जाहीर केलं.

तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. आकडा कानावर पडताच केसरच्या आत्याला घेरी आली. न्हावी म्हणाला, एवढ्या डिगरीत वस्तऱ्याची धार धरवत नाही, दाढ्या राहू देत. वाजंत्रीवाले सनई बाजूला ठेवून आडवे झाले. आणि वऱ्हाडाला सामोरा निघालेला रघू गाडीवान हा आकडा तोंडातल्या तोंडात घोकत गाडीत बसला.

वऱ्हाड अर्ध्या वाटेवरच्या आमराईत टेकलं होतं. रघूने गाडी उभी केली आणि नवऱ्याच्या बापाला, म्हणजे भागोजीला, घाईघाईने सांगितलं, की वाडीत एकशे बारा झाले आणि नवरीची आत्या पडली. भागोजी मुळात सावध माणूस. होडीत बसतानासुद्धा तो आधी काठावरच्या देवांची नावं घेई. त्याला वाटलं, वाडीत एकशे बारा माणसं पडली. एवढी माणसं त्या वाडीत होती की नाही, याचा विचार त्याने केला नाही. ऊन उतरल्याशिवाय आपल्यातलं एकही माणूस सावलीबाहेर पाऊल टाकणार नाही, असा निरोप देऊन त्याने रघूला माघारी धाडलं.

रघूने निरोप बाळाजीला सांगितला. ऊन उतरेपर्यंत थांबायचं म्हणजे वऱ्हाड अंधारात पोचणार, मुहूर्त गेला. पुढचा मुहूर्त ज्येष्ठात, भर पावसात. केसर बाशिंग बांधून आत बसलेली. तिने बापाकडे एकदा बघितलं आणि मान खाली घातली. त्या बघण्यापुढे एकशे बारा डिगरी काहीच नव्हत्या.

सोनूबाईने, त्याच्या बायकोने, आरडाओरडा केला नाही. तिने नवऱ्याला हाताला धरून पडवीच्या बाजूला नेलं. कुडाच्या पलीकडे, बरोबर नळीच्या पाठीला, लग्नाच्या जेवणाचं चुलाण पेटलेलं होतं आणि वर भाताचे हंडे रटरटत होते.

"ह्ये बघा तुमचं ऊन," ती म्हणाली.

 बाळाजीने नळी कुडावरून काढली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि रघूची गाडी मागे घेऊन आमराईची वाट धरली. वऱ्हाड आणल्याशिवाय परत यायचं नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. फडक्यात पारा छान खाली आला होता. तो उतरलेला पारा व्याह्यांना दाखवला की काम झालं, असा त्याचा हिशेब.

पण फडकं वाटेतच वाळलं. आमराईच्या कडेला, भर उन्हात उभं राहून बाळाजीने ते सोडलं तेव्हा पारा थेट नळीच्या टोकाला जाऊन बसला होता. भागोजीला आकडे वाचता येत नव्हते, पण नळीत वर जागा उरलेली नाही एवढं त्याला दिसलं. आता हा आणखी कुठे जाणार, म्हणून तो दोन पावलं मागे सरकला.

मग बाळाजीने सगळं सांगून टाकलं. माणसं पडलेली नाहीत, आत्या मघाशी उठून लाडू खात होती, ते ऊन नव्हतं, चुलाण होतं.

भागोजी म्हणाला, "म्हंजे तुमच्या घरी चूल, हितं ऊन. गार कुठं हाय, त्ये सांगा."

 मागे फिरणं बाळाजीच्या रक्तात नव्हतं. त्याने नळी खाली ठेवली, टोपी काढली आणि तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. "या उन्हानं मानूस पडत असंल तर मी आदी पडंन. तुमी उठंस्तवर मी हितनं हालत न्हाय."

वऱ्हाड सावलीत बसून बघू लागलं. बाळाजीचं टक्कल तांब्याच्या घंगाळासारखं तापलं. बायकांना दया आली, एकीने पाणी पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही. सगळे त्याच्याकडे बघत असल्यामुळे डोंगराकडून काय येतंय ते कुणीच बघितलं नाही.

आधी वारा आला. कैऱ्यांचा सडा पडला, भागोजीचा फेटा सुटून कुंपणावर गेला. पाठोपाठ वीज अशी कडाडली, की सकाळपासून सावली न सोडणारा भागोजीच सगळ्यांत आधी झाडाखालून बाहेर पळाला. पाऊस कोसळू लागला. रघूने गाडी आणली होती, तिच्यात नवरदेवाला चढवलं, तेवढ्यात बैल वाडीच्या दिशेने उधळले. नवरदेव एकटाच, बाशिंग हातात धरून, नवरीच्या दारात जाऊन पोचला. मागून चिखल तुडवत वऱ्हाड धावत आलं. पाऱ्याची नळी त्यांच्या पायाखाली कधी गेली ते कळलंसुद्धा नाही. सगळ्यांत शेवटी बाळाजी आला, कारण शेवटचं माणूस उठेपर्यंत तो खरंच हलला नव्हता.

मांडवाच्या झावळ्या उडून बागेत पडल्या होत्या. लग्न पडवीत लागलं, पण मुहूर्तावर लागलं. केसर हसत होती. कन्यादानाला चिंब भिजलेला बाप घोंगडीत गुंडाळून बसला होता आणि मंत्रांपेक्षा त्याच्या दातांचाच आवाज मोठा होता.

पुढच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावची चार माणसं नारळ घेऊन दारात आली. त्यांच्या विहिरी आटल्या होत्या. भागोजीच्या वऱ्हाडाने सगळीकडे सांगितलं होतं, की हा माणूस उन्हात उभा राहिला की पाऊस येतो. बाळाजी त्यांना समजावू लागला, की यात शास्त्र आहे, त्यात माझा काही हात नाही. पण माणसं ऐकेनात. शेवटी ती आत सोनूबाईकडे गेली.

सोनूबाईने नारळ ठेवून घेतला. "न्यायचं तर न्या," ती म्हणाली. "पन परत आनताना वाळवून आना."