चार तासांची अंडी

दारमेनचा हिशेब चोख होता. दहाला गावात, सव्वादहाला गावाबाहेर आणि अकराच्या आत प्रयोगशाळेत. मेंढी कापली की तिच्या अंडाशयातली अंडी ऊब मिळाली तर चार तास तग धरतात, आणि त्याला एक तासही लागणार नव्हता. "चहाचा घोटसुद्धा घेणार नाही," असं त्याने निघताना सहकारी झाउरेला ठणकावून सांगितलं. झाउरेचा जन्म कझाक खेड्यातला. तिने फक्त त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकात डोकं घातलं.

प्रश्न साधाच होता. काचेच्या बशीत कोणतं मेदाम्ल घातलं की मेंढीचं अंडं नीट पिकतं, पुढे गर्भ वाढतो, आणि कोणतं घातलं की सगळं ठप्प होतं? या साध्या प्रश्नापायी त्याचे दोन शरद ऋतू वाया गेले होते. यंदा कत्तलखानाच दुरुस्तीला बंद. मोसम संपत आलेला. आज अंडी मिळाली नाहीत तर प्रबंध तिसऱ्यांदा पुढच्या वर्षावर, आणि तेवढी वाट बघायला संस्था तयार नव्हती.

नशिबाने ओळखीच्या कलामकास मावशींच्या लेकीची सोयरीक होती. मावशींनी दोन मेंढ्या कापल्या, दारमेनने अंडाशय कोमट मिठाच्या पाण्यात टाकून थर्मास बंद केला, आणि तेवढ्यात दारात मुलाकडची मंडळी उतरली. मोजली तर सहा! सातव्यांची गाडी घाटात बंद पडली होती. सोयरिकीला येणारी माणसं विषम संख्येतच लागतात. मावशींची नजर अंगणभर फिरली आणि दारमेनवर येऊन थांबली.

"मावशी, मी मुलाकडचा नाही हो."

"मुलीकडचाही नाहीस. म्हणूनच चालतोस. बस तिकडे."

"पण माझा थर्मास—"

"मी सांभाळते. काय लागतं त्याला?"

"गार होता कामा नये. एवढंच."

"जा बाबा निवांत," मावशी म्हणाल्या.

दोन तास नुसती भाषणं झाली. मग ताट आलं, काळीज आणि मेंढीच्या शेपटीची चरबी. हे दोन्हीकडच्यांनी खाल्लं की सोयरीक पक्की, मग माघार नाही. मुलाची आजी उलबिके हिने चरबीचा तुकडा उचलला आणि शेजारच्या दारमेनला सहज विचारलं, "तू काय करतोस रे?"

आपल्या कामाबद्दल आपणहून कुणी विचारलंय असं वर्षभरात पहिल्यांदाच घडत होतं. दारमेन खुलला. चरबीतली काही आम्लं अंड्याला कशी मारक, गर्भच कसा धरत नाही, हे त्याने अगदी रंगवून सांगितलं. आजीचा हात हवेतच थांबला. मावशींचा चेहरा पांढरा पडला.

"बशीत, आजी," तो घाईने म्हणाला. "माणसाच्या पोटात नाही."

"तुला मुलं किती?"

"लग्न नाही झालं अजून."

"वय?"

"छत्तीस."

"चरबी खातोस?"

"लहानपणापासून."

आजीने तुकडा ताटात परत ठेवला. दाराशी उभ्या असलेल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी तरारलं, आणि दारमेनला मनापासून स्वतःची लाज वाटली. प्रबंध गेला खड्ड्यात, हे लग्न मोडता कामा नये.

"आजी, तुम्हाला मुलं किती?" त्याने विचारलं.

"नऊ."

"आणि चरबी?"

आजीने जरा आठवून बघितलं. "रोज," ती म्हणाली, आणि तुकडा तोंडात टाकला.

मग काय, दारमेनच्या तोंडात दोन मुठी चरबी कोंबली गेली, गालाला दही फासलं गेलं, आणि तो रीतसर व्याही झाला. सुटका झाली तेव्हा सव्वा वाजला होता. त्याने गाडी अशी हाणली की प्रयोगशाळेत पोहोचला तेव्हा चार तासांना दहा मिनिटं बाकी होती.

झाउरेने झाकण उघडलं. भसकन वाफ आली. तिने चिमट्याने एक अंडाशय बाहेर काढलं, दाबून बघितलं.

"शिजलंय," ती म्हणाली.

दारमेनने मावशींना फोन लावला.

"पोहोचलास?" मावशींचा आवाज आनंदाने नाचत होता. "मी हात लावून बघितलं, तर पाणी नुसतं कोमट! पाहुण्याची वस्तू आमच्या घरात गार व्हायची म्हणजे काय? दोनदा चहाच्या समोवारमधलं उकळतं पाणी भरलं बघ. पुरलं ना रे?"

दारमेनने डोळे मिटले.

"पुरलं मावशी. चांगलं पुरलं."

"मग! लग्नाला आठ मेंढ्या आहेत. तू आता घरचा व्याही, थर्मास घेऊनच ये. या खेपेला मी तो सकाळपासून चुलीवरच ठेवते."