राजधानीत साडेपाच तास: एक निर्दोष नियोजन

राजधानीत जाऊन, काम उरकून, त्याच दिवशी घरी परत येतो त्यालाच नागरिक म्हणावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही टोबॅगोची माणसं. राजधानी पोर्ट ऑफ स्पेन पलीकडच्या बेटावर; तिथे जायचं तर सकाळची बोट, परतीची दुपारी साडेचारला, आणि मधल्या साडेपाच तासांत सरकार गाठायचं. आमच्यातले शंभरातले त्र्याण्णव जण यात गडबडतात. (उरलेल्या सातांची बोट चुकते.)

म्हणून सिस्लिन मावशीचं नियोजन मी अंगावर घेतलं. तिला जन्माचा दाखला हवा होता. दाखला असेल तर पासपोर्ट, पासपोर्ट असेल तर ब्रुकलिन, आणि ब्रुकलिनला तिच्या एकुलत्या लेकीचे दिवस भरत आलेले. पासपोर्टवाल्यांनी सोमवारची तारीख दिली होती. ती हुकली तर पुढची दोन महिन्यांनी.

"पोरीजवळ कुणी नाही रे," मावशी म्हणाली. "मला नुसती तिथवर पोचव."

मी शुक्रवारचा तक्ता केला. कागदांच्या तीन-तीन प्रती. डब्यात तळलेली भाकरी नि खारा मासा. उलटीची गोळी, एक. रांगेत प्रत्येकाला 'गुड मॉर्निंग' म्हणायला बारा मिनिटं. माझ्यासाठी नवं जाकीट. (मला आत जायचं नव्हतं, पण नियोजक नियोजकासारखा दिसायला हवा.)

कचेरीच्या दारात लेझामा नावाचा रखवालदार होता.

"गुड मॉर्निंग, मावशी. खांदे उघडे आहेत. आत सोडता येणार नाही."

"अरे बाळा, हा झगा मी चर्चला घालते."

"चर्चचं देव बघेल. इथलं मी बघतो."

नियम अगदी योग्य आहे. उघडा खांदा दिसला की सरकारी दप्तराचं चित्त विचलित होतं. त्यापायी आजवर किती दाखले गहाळ झाले याची आकडेवारी मिळत नाही, यावरूनच नियम किती कडक पाळला जातो ते कळावं.

शिवाय सोय आहेच. फाटकाबाहेर छोल्यांचे डबल्स विकणारी डल्सी गरजूंना आपला तपकिरी स्वेटर देते. तो दिवसातून वीसेक वेळा आत जातो. (एवढी हजेरी साहेबांचीही नाही.) नेमका त्या वेळी तो एका शिक्षिकेच्या अंगावर आत गेलेला होता, आणि तिची फाइल काही सापडत नव्हती.

मावशी उन्हात उभी राहिली. रांगेतल्या लोकांनी धीर दिला.

"नियम म्हणजे नियम, बाई."

"निघायच्या आधी विचारायचं ना कुणाला तरी."

दाखल्यांची खिडकी दोनला बंद होते. स्वेटर दोन वाजून दोन मिनिटांनी बाहेर आला.

परतीची बोट आम्हाला वेळेवर मिळाली. समुद्र शांत होता, गोळी शिल्लक राहिली. अर्ध्या वाटेत मावशीने माझी बाही दोन बोटांत धरून पाहिली.

"छान आहे रे जाकीट," ती म्हणाली. "कधी घेतलंस?"

लेकीला मुलगी झाली. मावशीने ती फोनवर पाहिली.

मला कुणी बोल लावला नाही, आणि लावणार तरी कशाबद्दल? त्या रांगेत आम्ही चाळीस जण होतो. सतरा अंगांवर शाल, स्वेटर नाहीतर जाकीट होतं. आणि मत सगळ्यांचं एकच: बाह्यांचं काही घालून यायला हिला काय झालं होतं?

वाचताना तुमच्याही मनात हेच आलं असेल. या, रांगेत तुमची जागा धरून ठेवली आहे.