चार केतक्या

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या वाडीमागची चारही शिखरं माझ्या मुलीच्या बारशाला आली. घरात मावेनात म्हणून अंगणात ओळीनं बसली. सासूबाई म्हणाल्या, "बारशाला आलेल्याला परत लावत नाहीत. घुगऱ्या द्या." घुगऱ्या कमी पडतील अशी मला धास्ती होती, पण पुरल्या.

शिखरांना तोवर नाव नव्हतं. आमच्याकडे नाव आत्या ठेवते, आणि त्यांना आत्या नव्हती.

बाळाची आत्या, म्हणजे आमच्या अंजिरा वन्सं, पाळण्यावर वाकल्या. दोन शेतांपलीकडच्या माणसाला घरातूनच हाक मारून जेवायला बोलावणारी ती बाई. त्यांनी बाळाच्या कानात कुर्र केलं आणि "केतकी" म्हणाल्या. बाळ झोपलेलं होतं. खिडकीशी वाकलेल्या शिखरांनी ऐकलं आणि चौघांनी ओ दिली.

दुसऱ्या दिवशी मी ग्रामपंचायतीत नोंदीला गेले. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "ताई, पहिली ओ देईल त्याचं नाव. शिखरं कालच नोंद करून गेली."

"चौघांना एकच नाव?"

"त्यांची तक्रार नाही. चार केतक्या म्हणून लिहिलंय."

"आणि माझी मुलगी?"

"तिचा रकाना मोकळा ठेवलाय."

उद्या पोर गर्दीत हरवली, तर काय म्हणून शोधायची?

तशीच डोंगराकडे गेले. नाव परत मागितलं. थोरलं शिखर म्हणालं, "देऊ की, पोरी. पण एवढ्या वर्षांत आम्हाला पहिल्यांदाच कुणीतरी हाक मारलीय." मी नाव त्यांच्याकडेच ठेवून परत आले.

शेवटी बारसं पुन्हा करायचं ठरलं. शिखरं पुन्हा येणार, हे धरूनच चाललो होतो. बायकांनी मांडवाच्या कापडाच्या चार कुंच्या शिवल्या, कान झाकतील अशा. बाळासारखीच कुंची मिळाली म्हणून शिखरं खूश झाली आणि मुकाट बसली.

वन्सं जन्मात पहिल्यांदा हळू बोलल्या. मलासुद्धा ऐकू आलं नाही. पण बाळानं मान वळवली, ते मी पाहिलं.

"वन्सं, काय ठेवलंत?"

"तुला नाही सांगायची, निर्मला. तू हाक मारशील, आणि ती वर डोंगरात ऐकू जाईल. आईला हळू हाक मारता येत नाही."

"कोण बोलतंय बघा!"

पण त्यांनी सांगितलं नाही. नोंदवहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, आणि भाऊसाहेबांनी तिकडे न बघता पान दुमडून टाचणी लावली.

मी तिला अजून बाळच म्हणते. शिखरांना दोन दिवस कुणी हाक मारली नाही, तर ती खाली येऊन पाळण्यापाशी कान देऊन बसतात. म्हणून वाडीवरून जाणाऱ्यांनी वर बघून "केतक्यांनो!" अशी एक हाक मारावी. त्या जागेवरूनच ओ देतात. तुमच्या गावातही एवढं सांगून ठेवा.